रोषणाईच्या पेटीत पाणी शिरतं कुठून?

नमस्कार श्रोतेहो.

घराबाहेर हौसेनं रोषणाई केलेली असते. रात्री पावसाची सर येते आणि अर्धे दिवे बंद पडतात, नाहीतर ब्रेकर पडून सगळाच अंधार होतो. दुसऱ्या दिवशी दुपारी सहज म्हणून बटण दाबावं, तर सगळं झकास चालू! मग आपण म्हणतो, कुठंतरी वायर लूज असेल. पण दुपारपर्यंत आपोआप बरा होणारा बिघाड बहुतेक वेळा पाण्याचा असतो. रात्री एखाद्या जोडात पाणी शिरलं, उन्हानं ते वाळलं, एवढंच. वाळताना मात्र ते तांब्यावर आपली खूण ठेवून गेलेलं असतं. पुढच्या सरीला तोच जोड आणखी लवकर बिघडतो.

आजचं बोलणं या जोडांविषयी आहे. हल्ली रोषणाईला एक कंट्रोलर पेटी असते. आत एक पॉवर सप्लाय, एक बोर्ड, काही फ्यूज. एका बाजूनं मेनची वायर आत येते, दुसऱ्या बाजूनं ५ किंवा १२ व्होल्टच्या तीन तारी वायरी बाहेर पडून दिव्यांच्या माळांकडे जातात. त्यातल्या दोन तारा वीज नेतात आणि तिसरी तार कुठल्या दिव्यानं कुठला रंग दाखवायचा तो हुकूम नेते. कधी एखादी नेटवर्कची केबलही असते. म्हणजे भक्कम, झाकणाला रबर असलेली महागडी पेटी आपण आणतो आणि तिला स्वतःच आठ-दहा भोकं पाडतो. पाणी झाकणातून क्वचितच येतं. ते येतं या भोकांतून आणि भोकांतून जाणाऱ्या वायरींबरोबर.

पेटीवर आयपी ६५, आयपी ६७ असं लिहिलेलं असतं. पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. धुळीचा ६ म्हणजे आत धूळ अजिबात जात नाही. पाण्याचा ५ म्हणजे कुठल्याही दिशेनं पाण्याची धार मारली तरी चालेल, आणि ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडवलं तरी चालेल. यात गंमत अशी की ७ मिळालेल्या वस्तूला धारेची परीक्षा आपोआप पास झाली असं धरत नाहीत. त्या दोन वेगळ्या परीक्षा आहेत. दुसरं म्हणजे हा आकडा कारखान्यातून आलेल्या, भोक न पाडलेल्या पेटीचा असतो. आपण ड्रिल लावलं की त्या आकड्याची जबाबदारी आपल्यावर येते. कनेक्टरचंही तसंच. वॉटरप्रूफ कनेक्टरचा आकडा तो पूर्ण जोडून, त्याची चकती घट्ट फिरवल्यावरच खरा. एखादं टोक रिकामं लोंबत असेल आणि त्यावर टोपी नसेल, तर तो आकडा विसरा.

आता असं वाटेल की मग सगळं सिलिकॉननं लिंपून टाकू, सुईच्या टोकाएवढीही फट ठेवायची नाही. पुष्कळ जण हेच करतात, आणि माझा सगळा वाद याच्याशीच आहे. पूर्ण बंद पेटी म्हणजे पाण्याचा सापळा. का, ते सांगतो.

दिवसभर पेटी उन्हात तापते. आतली हवा समजा ५० अंश सेल्सिअसला गेली. संध्याकाळी एकदम पाऊस आला आणि ती २५ अंशांवर उतरली. पेटी खरोखर बंद असेल तर आतला दाब सुमारे आठ टक्क्यांनी घटतो. गरम पाणी ओतून टाकलेल्या प्लॅस्टिकच्या बाटलीला लगेच बूच लावलं की ती थोड्या वेळानं आत दबते, तोच हा प्रकार. पेटी दबत नाही, ती ओढते. आठ टक्के ऐकायला किरकोळ वाटतात, पण तो दाब सुमारे ८० सेंटीमीटर उंचीच्या पाण्याइतका आहे. अंगणात भिंतीवर टांगलेली पेटी त्या घटकेला जणू ८० सेंटीमीटर पाण्याखाली गेलेली असते, आणि नेमकी त्याच वेळी ती बाहेरून ओली असते. कुठल्यातरी वायरीशेजारी केसाएवढी फट असेल, तर पाणी तिथून आत ओढलं जातं. बाहेर पडायला मात्र त्याला रस्ता नसतो. दुसऱ्या दिवशी ते आतल्या आत वाफ होतं, रात्री थंड झाकणावर थेंब धरतं आणि बोर्डावर पडतं.

म्हणून पेटीला श्वास घेऊ द्यावा. यासाठी छोटे वेंट प्लग मिळतात. त्यांच्यातल्या पडद्यातून हवा आणि वाफ जाते, पाण्याचा थेंब जात नाही. मेनची वायर ज्या पेटीत येते तिथं असा आयपी आकडा असलेला प्लगच बसवा, नुसतं भोक ठेवू नका. फक्त कमी व्होल्टची पेटी असेल तर तळाला, सर्वांत खालच्या जागी, तीन-चार मिलिमीटरचं एक भोक पाडून त्याला बारीक जाळी लावली तरी काम होतं. जाळी विसरू नका, मुंग्यांना उबदार जागा फार आवडते. आणि कुठल्याही पेटीत बोर्ड किंवा पॉवर सप्लाय तळाला टेकवून ठेवायचा नाही. चार-पाच सेंटीमीटर वर, मागच्या पाटीवर. सिलिका जेलच्या पुड्या टाकून निर्धास्त होणारेही असतात. पुडी एकदा ओलावा पिऊन भरली की ती नुसती पुडी उरते.

आता भोकांकडे येऊ. भोकं पेटीच्या तळाला पाडायची. वरच्या बाजूला कधीच नाही, आणि बाजूच्या भिंतीत नाइलाज असेल तरच. वायर ग्लँडमधूनच, म्हणजे भोकात बसवायच्या आट्यांच्या बुचातूनच, आत न्यायची. ग्लँडच्या आत रबराची एक बांगडी असते. बाहेरची टोपी पान्यानं आवळली की ती बांगडी वायरीभोवती आवळली जाते. हे गोल वायरीलाच लागू पडतं. चपटी वायर, किंवा दोन-तीन सुट्या तारा एकाच ग्लँडमध्ये कोंबल्या, तर तारांच्या मधल्या खाचेतून पाण्याला राजमार्ग मिळतो. अनेक वायरी एका जागेतून न्यायच्या असतील तर तितक्या भोकांचं रबर असलेले ग्लँड मिळतात, ते वापरा आणि त्यातलं रिकामं भोक बुजवा. मापही बघा: पीजी ७ नावाचा ग्लँड साधारण तीन ते साडेसहा मिलिमीटर जाडीच्या वायरीला, पीजी ९ साधारण चार ते आठ मिलिमीटरला. वायर त्याहून बारीक असेल तर टेप गुंडाळून ती जाड करण्याचा मोह होतो. तो टाळा, लहान ग्लँड आणा. भोक पाडल्यावर कडेचा चरा ब्लेडनं साफ करा, आणि ग्लँडबरोबर आलेला रबराचा वायसर पेटीच्या बाहेरच्या बाजूला घाला. तो आतल्या नटाखाली बसवला तर पाणी आट्यांवरून आत येतं.

वायर ग्लँडमध्ये शिरण्याआधी तिला खाली झोल द्यायचा. म्हणजे वायर पेटीच्या तळाच्याही खाली उतरली पाहिजे आणि मग वर वळून आत गेली पाहिजे. पाणी वायरीवरून घरंगळत येतं, झोलाच्या सर्वांत खालच्या जागी थेंब होऊन टपकतं, आणि पेटीपर्यंत पोचतच नाही. पंधरा सेंटीमीटर जादा वायर एवढाच याचा खर्च. पाण्याला अडवत बसण्याआधी त्याला दुसरी वाट दाखवावी, असं माझं मत आहे, आणि हा झोल त्याची सर्वांत स्वस्त सोय आहे. पागोळीखाली मात्र पेटी टांगू नका. तिथं झोलही हात टेकेल.

पेटीबाहेर माळेला माळ जोडलेली असते, तिथले कनेक्टर ही दुसरी दुखरी जागा. एक जोड हातात घेऊन उघडा. तीन पिना दिसतील. पाण्यातून गेलेला जोड असेल तर एकच पीन हिरवी झालेली दिसेल, आणि ती बहुधा पॉझिटिव्हची असेल. डीसी वीज असल्यामुळे पाणी मधे आलं की पॉझिटिव्ह बाजूचं तांबं विरघळू लागतं. एरवी ओल्या तांब्यावर कळंक चढायला वेळ लागतो, विजेच्या मदतीनं ते काम झपाट्यानं होतं. म्हणून दिवे बंद करताना कंट्रोलरवरचा रंगांचा कार्यक्रम नुसता थांबवून भागत नाही. दिवे काळे दिसतात, पण वायरीत १२ व्होल्ट असतात आणि झीज चालूच राहते. रोषणाई चालू नसेल तेव्हा पॉवर सप्लायच बंद करावा.

जोडण्याआधी कनेक्टरच्या तोंडात सिलिकॉन ग्रीस घालावं. पुष्कळांना वाटतं की ग्रीस वीज वाहू देत नाही, मग दिवे कसे लागणार? पीन आत घुसताना धातू धातूला घासून तेवढ्या जागेवरून ग्रीस बाजूला सारतो आणि बाकीच्या पोकळीत ते भरून राहतं. जिथं ग्रीस आहे तिथं पाणी नाही, इतका साधा हिशेब. वाहनाचं पेट्रोलियमचं ग्रीस मात्र चालत नाही, त्यानं रबर फुगतं. आणि जोडलेले कनेक्टर जमिनीवर लोळू देऊ नका. एकाच ठिकाणी पाणी साचतं आणि जोड नेमका तिथंच जाऊन पडतो, हा अनुभव कुणाला नाही? दोन-चार बोटं उंच, आडवा किंवा तोंड खाली करून बांधा.

जिथं कनेक्टर नाही, डाग मारून जोडलेलं आहे, तिथं आतून गोंद असलेली हीट श्रिंक नळी, म्हणजे तापवली की आक्रसणारी नळी, घाला. तापवल्यावर दोन्ही टोकांना गोंदाची बारीक कड बाहेर आलेली दिसली, तर जोड बंद झाला असं समजायचं. बिनगोंदाची नळी दिसायला तशीच दिसते, पण ती पाणी अडवत नाही, उलट धरून ठेवते. नळी तारेवर आधी सरकवून ठेवायची असते हे मुद्दाम सांगतो, कारण डाग मारून झाल्यावरच तिची आठवण येते. नळी जाणार नसेल तर स्वतःशीच चिकटणारी रबराची टेप घ्या. तिला गोंद नसतो. ताणून, प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्यावर अर्धा येईल असा गुंडाळला की काही तासांत सगळे थर एकजीव होतात. नेहमीची काळी इन्शुलेशन टेप एकटी या कामाची नाही. उन्हानं तिचा गोंद ओघळतो आणि शेपूट सुटतं.

सिलिकॉनविषयी एक गोष्ट राहिली. ज्या सिलिकॉनला सुकताना व्हिनेगरसारखा आंबट वास येतो, ते तांब्याजवळ वापरू नका. तो वास ॲसिटिक आम्लाचा असतो आणि ते तांबं खातं. न्यूट्रल लिहिलेलं सिलिकॉन घ्या, आणि तेही अगदी लागेल तिथंच.

एक छुपी वाटही आहे. बाहेरचं वायरीचं टोक उघडं राहिलं आणि पाण्यात गेलं, तर बारीक तारांच्या मधल्या पोकळीतून पाणी वायरीच्या आतून सरकत जातं. ग्लँड उत्तम, झोल उत्तम, तरी पेटीतल्या स्क्रूपाशी तांबं काळं पडलेलं! वायर सोलून पाहिली की आत हातभर लांब काळेपणा दिसतो. अशी वायर सरळ कापून टाकावी, घासून काही होत नाही. म्हणून माळेच्या शेवटच्या टोकालाही टोपी हवी.

मेनच्या वायरीबद्दल तडजोड नको. तिचा ग्लँड वेगळा, तिचे जोड पेटीच्या आत, आणि तिच्यामागे ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच, असलाच पाहिजे. १२ व्होल्टचा जोड बिघडला तर दिवे जातात, मेनचा बिघडला तर माणूस जाऊ शकतो. पावसात तो आरसीसीबी सारखा पडत असेल तर तो काढून थेट जोडायचा सल्ला देणाऱ्याचं ऐकू नका. तो बरोबर काम करतोय.

शेवटी तपासणी. मेनचा प्लग काढा, पेटीच्या तळाला आणि प्रत्येक ग्लँडच्या आतल्या तोंडाशी टिश्यू कागदाचा एकेक तुकडा ठेवा, झाकण लावा, आणि नळीनं पावसासारखं पाणी वरून पाच-दहा मिनिटं सोडा. पेटी बाहेरून पुसा, मग उघडा. जो कागद ओला तो ग्लँड दोषी. सगळे कोरडे निघाले तरी पेटी एकदा उन्हात तापवून लगेच तीच परीक्षा पुन्हा घ्या. ओढून घेण्याचा दोष थंड पेटीत सापडत नाही. झाकणाच्या रबरावर कचऱ्याचा कण किंवा चिमटलेली वायर नाही ना, तेही त्याच वेळी बघा, आणि झाकणाचे स्क्रू समोरासमोरचे थोडेथोडे करत आवळा.

रोषणाई उतरवाल तेव्हा कनेक्टर उघडून, पुसून, वाळवून टोप्या लावून ठेवा. त्या टोप्या हरवतात, म्हणून आत्ताच एका पिशवीत घालून पेटीच्या आत बांधून टाका. नमस्कार.