आळ येतो, कुभांड रचतात

श्रोतेहो, नमस्कार. आजचा शब्द आहे कुभांड. आळ, बालंट, किटाळ हे त्याचे सोयरे. पण क्रियापद बघा. आळ येतो, बालंट येतं, किटाळ येतं. कुभांड मात्र रचावं लागतं.

गणेशचतुर्थीचा चंद्र पाहिला की चोरीचा आळ येतो, हे घरोघरी ठाऊक आहे. स्यमंतक मण्यापायी श्रीकृष्णावर आला तो आळच, कारण मण्याचा मालक सत्राजित याला मनापासून तसा संशय होता. कुभांड रचणाऱ्याला खरं काय ते आधीच माहीत असतं.

हा फरक मला आजीनं दाखवला. बांधावरून आमचा शेजाऱ्याशी वाद होता. एका पहाटे त्याची कडब्याची गंजी पेटली. उजाडताच तो आमच्या दारात. "तुमच्या गड्यानं पेटवली, मी डोळ्यांनी पाहिलं. पाचशे पेंढ्या गेल्या!" आमचे सालगडी मामा हातातली वैरण तशीच धरून उभे. तोंडातून शब्द फुटेना.

आजीनं पदर खोचला आणि तडक त्याचं खळं गाठलं. मी मागोमाग. तिनं काठीनं राख उकरली. थर जेमतेम चार बोटं.

"पाचशे पेंढ्यांची राख एवढीच?"

पूर्वी नुसती गंजी पाहून पेंढ्या किती ते सांगणारी माणसं गावोगाव होती. आता कडबा थेट कुट्टीयंत्रात जातो आणि ती नजर हरवत चालली आहे, याची मला फार हळहळ वाटते. असो.

खळ्यातून बैलगाडीची ताजी चाकोरी निघाली होती. ती त्याच्या मेहुण्याच्या मळ्यात पोचली. कडबा तिथंच होता. आदल्या रात्री हलवलेला. मागे थोड्या पेंढ्या ठेवून यानंच काडी लावली होती.

"हा आळ नव्हे," आजी म्हणाली, "हे कुभांड."

पुन्हा सांगतो, श्रोतेहो: आळ येतो, कुभांड रचतात. कायदाही हा भेद मानतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम २४८ पाहा. आधार नाही हे ठाऊक असताना, दुसऱ्याला इजा पोचवायच्या हेतूनं गुन्ह्याचा खोटा आरोप करणं हाच गुन्हा. बातम्यांत मात्र सगळ्याला सरसकट 'खोटे आरोप' म्हणतात. नेमका शब्द घरात असताना तो का वापरू नये?

त्या दिवशी सालगडी मामा ओसरीवर बसून लहान मुलासारखे रडले. आजीनं त्यांच्यापुढं गूळपाणी ठेवलं आणि ते पिऊन होईपर्यंत ती तिथून हलली नाही.