राष्ट्रकवीचं सोलापुरी नाटक

नमस्कार, श्रोतेहो.

विद्यापीठाच्या साहित्यवर्गात रवींद्रनाथ ठाकूर बहुतेक वेळा भिंतीवरच्या फोटोसारखे येतात. पांढरी दाढी, पायघोळ झगा, १९१३ चं नोबेल, ‘गीतांजली’तल्या चार कविता. आणि मग परीक्षेत ‘रवींद्रनाथांच्या काव्यातील राष्ट्रप्रेम’ हा हमखास प्रश्न! उत्तर गाईडात असतंच. मुलं पास होतात, कवी मात्र वाचायचा राहून जातो.

निदान आपल्या सोलापुरात तरी असं व्हायला नको. रवींद्रनाथांचे थोरले बंधू सत्येंद्रनाथ हे आयसीएस झालेले पहिले भारतीय. त्यांची सगळी नोकरी मुंबई इलाख्यात झाली. न्यायाधीश म्हणून ते सोलापुरात होते, तेव्हा १८८९ साली धाकटे बंधू इथं येऊन राहिले आणि ‘राजा ओ रानी’ हे नाटक त्यांनी इथंच लिहिलं. तिशीही गाठली नव्हती त्यांनी. दाढी असलीच तर काळी!

नाटकातला जालंधरचा राजा विक्रम राणी सुमित्रेच्या प्रेमात इतका बुडालेला, की राज्याकडे बघायलाच तयार नाही. राणीचेच काश्मिरी नातलग प्रजेला लुटतायत. राणीला ते सहन होत नाही, आणि ती राजाला सोडून माहेरी, भावाकडे मदत मागायला जाते. झालं, राजाचं प्रेम उलटतं आणि तो काश्मीरवर फौज घेऊन निघतो. शेवटी राणी भावाचं कापलेलं मस्तक राजासमोर आणते आणि तिथंच प्राण सोडते.

पुढे चाळीस वर्षांनी, १९२९ मध्ये, रवींद्रनाथांनी हेच कथानक पुन्हा हाती घेतलं आणि ‘तपती’ हे गद्य नाटक लिहिलं. राणीचा भाऊ कुमारसेन आणि त्याची इला यांची प्रेमकथा पहिल्या नाटकात उगाच जागा अडवून बसली होती, असं त्यांचंच मत झालं होतं. नोबेल मिळालेला माणूस उतारवयात स्वतःच्या तरुणपणाच्या नाटकावर कात्री चालवतो, यापेक्षा चांगला धडा साहित्याच्या विद्यार्थ्याला कुठला द्यायचा?

आता राष्ट्रप्रेमाचं. ‘राजा ओ रानी’चा इंग्रजी अवतार १९१७ मध्ये निघाला. त्याच वर्षी त्यांची राष्ट्रवादावरची व्याख्यानंही पुस्तकरूपानं आली. ‘जन गण मन’ लिहिणाऱ्या कवीनं त्यात राष्ट्र नावाच्या यंत्रावर सडकून टीका केलीय. आणि त्यांचंच ‘आमार सोनार बांगला’ पुढे बांगलादेशाचं राष्ट्रगीत झालं. हे सगळं त्या हमखास प्रश्नात कुठं बसवायचं? माझं म्हणाल तर बसवू नये, प्रश्नच बदलावा.

रवींद्रनाथांच्या लेखनावरचा स्वामित्वहक्क २००१ अखेर संपलाय, त्यामुळे परवानगीची अडचण नाही. आपल्या वर्गात मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू बोलणारी मुलं एकाच बाकावर बसतात. त्यांना कुमारसेन-इलेचा एक प्रवेश द्यावा, ज्यानं-त्यानं तो आपल्या घरच्या बोलीत उतरवून वर्गात मोठ्यानं वाचावा. मग विचारावं : हा प्रवेश ठेवायचा की गाळायचा? कारणं लेखी घ्यावीत. रवींद्रनाथांनी तो का गाळला, हे त्यानंतरच्या तासाला सांगावं. आधी नाही.

नमस्कार.