विलमधली एक ओळ

नमस्कार मंडळी. फराळ झालाय, मुलं खाली नाटकाची शेवटची तालीम करतायत, तेवढ्या वेळात मला विलबद्दल, म्हणजे मृत्युपत्राबद्दल बोलायचंय. मघाशी दोघीजणी म्हणाल्या की अगं दिवाळीत कसला हा अभद्र विषय, पण लक्ष्मीपूजन आपण मनापासून करतो ना, मग आपल्या मागे त्या लक्ष्मीचं काय होणार हे बोलण्यात अभद्र काय आहे?

आपल्या ओळखीतल्या एक काकू. नाव सांगणार नाही, आणि त्यांना विचारूनच सांगतेय. हळदीकुंकवाहून परत जाताना आम्ही इंडियन ग्रोसरीत थांबलो, त्यांना मेथी घ्यायची होती. काउंटरवर त्यांनी रुमालाची गाठ सोडली, चिल्लर मोजली, परत मोजली आणि जुडी गुपचूप जागेवर ठेवून आल्या. मी म्हटलं काकू कार्ड लावा ना, तर हळूच म्हणाल्या, कार्ड मुलाकडे असतं गं, मला लागेल तेवढं तो देतो. पेन्शन त्यांची, पुण्याचा फ्लॅट विकून आलेला पैसा त्यांचा, आणि मेथीच्या जुडीला पैसे नाहीत. अंगाला कोणी हात लावला नव्हता, उपाशीही ठेवलं नव्हतं, म्हणून त्यांना वाटायचं की याला छळ कसं म्हणायचं. तर हाही छळच असतो, इथे ब्रिटनमध्ये वृद्धांसाठी काम करणाऱ्या संस्था याला आर्थिक छळच म्हणतात.

फोन करायला तयार व्हायला त्यांना तीन महिने लागले. घरातलं घरात राहू दे, चार लोक काय म्हणतील, शेवटी पोटचा आहे, हे सगळं आम्ही रोज बोललो. शेवटी माझ्या किचनमधून ज्येष्ठांच्या हेल्पलाइनला फोन लावला. पलीकडच्या बाईंनी पहिलं काय विचारलं, तर आत्ता तुम्हाला मोकळेपणी बोलता येतंय का. काकू तिथेच रडायला लागल्या. इतक्या वर्षांत हे कोणी विचारलंच नव्हतं.

तो फोन काकूंना फुकट पडला, पण फोनवर बसणाऱ्या माणसाचं ट्रेनिंग, पगार हे कुठूनतरी येतं ना, आणि बऱ्याच संस्थांचं काम लोकांनी विलमध्ये ठेवलेल्या पैशांवर चालतं. इथे ब्रिटनमध्ये फक्त वृद्धांच्या छळावर काम करणारी आवरग्लास म्हणून संस्था आहे, 1993 सालची, आधीचं नाव अ‍ॅक्शन ऑन एल्डर अब्यूज. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की साठीच्या पुढच्या दर सहा माणसांत एकाला वर्षभरात कुठल्यातरी प्रकारचा छळ सोसावा लागतो. या हॉलमध्ये आपण किती जण साठीच्या पुढचे आहोत बघा.

आता पैशाचं. मुलांच्या तोंडचा घास काढून द्या असं मी अजिबात म्हणत नाहीये. आधी घरच्यांचं लिहा, मग जे उरेल त्यातला एक टक्का अशा एखाद्या संस्थेच्या नावाने लिहा, ठरावीक रक्कम लिहिली तर वीस वर्षांत तिची किंमत काय राहील कोण जाणे. संस्थेचं नाव आणि चॅरिटी रजिस्ट्रेशन नंबर दोन्ही घाला, सारख्या नावाच्या संस्था असतात. चॅरिटीला दिलेल्यावर इन्हेरिटन्स टॅक्स, म्हणजे वारसा कर नाही. आणि करमुक्त मर्यादेच्या, म्हणजे साधारण 3 लाख 25 हजार पौंडांच्या वर जे उरतं त्याचा निदान 10 टक्के भाग चॅरिटीला गेला तर बाकीच्यावरचा दर 40 वरून 36 टक्क्यांवर येतो. सही करताना दोन साक्षीदार एकाच वेळी समोर हवेत आणि ज्यांना काही मिळणार आहे त्यांना साक्षीदार करू नका, त्यांचा वाटा जातो. हे साक्षीदारांचं इंग्लंड-वेल्सचं झालं, स्कॉटलंडचे नियम वेगळे आहेत.

आपल्या लोकांची एक खास गफलत. भारतातल्या प्रॉपर्टीचं वेगळं विल असतं आणि इथल्या विलमध्ये छापील वाक्य येतं की आधीची सगळी विल रद्द. त्या एका वाक्याने नाशिकचं विलही उडू शकतं, म्हणून सॉलिसिटरला आधीच सांगा. बऱ्याच जणांना गावाकडच्या वृद्धाश्रमाला द्यायचं असतं, जरूर द्या, पण इथली टॅक्सची सूट ब्रिटनमधल्या चॅरिटीलाच मिळते, आणि तुमचा पासपोर्ट ब्रिटिश असेल तर तिकडच्या संस्थेकडे परदेशी देणगी घ्यायची एफसीआरए परवानगी आहे का ते विचारून घ्या, नाहीतर पैसे मधेच अडकतील.

आम्ही दोघांनी मार्चमध्ये हे केलं. मुलीला आधी सांगितलं, कारण मागाहून कागदात वाचून तिला वाईट वाटायला नको. ती थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली आई, दोन टक्के कर.

चहाच्या टेबलापाशी मी थांबतेय. विल सॉलिसिटरकडूनच करा, पण आमच्या विलमधलं ते वाक्य मी कागदावर लिहून आणलंय, ज्यांना बघायचंय त्यांनी या.