लायब्ररीत येताना एक प्रश्न घेऊन या

नमस्कार. शाळा सुरू होऊन आता आठ-पंधरा दिवस झालेत, वह्यांना कव्हरं घालून झाली असतील, टाइमटेबलही एव्हाना पाठ झालं असेल, आणि त्या टाइमटेबलमध्ये आठवड्यातून एकदा एक पिरियड असतो लायब्ररीचा, ज्याला बरीच मुलं ऑफ पिरियड समजतात. मी शाळेच्या लायब्ररीतच काम करते, म्हणून आज मला थेट पाचवी ते दहावीच्या मुलामुलींशी बोलायचंय. घरात आईबाबा, आजीआजोबा ऐकत असतील तर तुम्हीही थांबा, पुढे तुमच्यासाठीसुद्धा थोडं आहे.

लायब्ररीत मुलं येतात आणि दारातच विचारतात, बाई एखादं चांगलं पुस्तक द्या ना. आता चांगलं म्हणजे कसलं, ते मला कसं कळणार? कुणाला भुताच्या गोष्टी आवडतात, कुणाला क्रिकेट, कुणाला रॉकेट. माझं म्हणणं एवढंच आहे की येताना डोक्यात एखादा प्रश्न घेऊन या, अभ्यासातला नसला तरी चालेल, उलट नसलेलाच बरा. तुम्हाला स्वतःला खरंच पडलेला प्रश्न पाहिजे.

आपल्या अकोले तालुक्यातलाच घेऊ. मे संपत आला की भंडारदऱ्याला, पुरुषवाडीला काजवे बघायला पुण्या-मुंबईहून गाड्याच्या गाड्या येतात, आणि आपण ते लहानपणापासून बघतोय. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, अख्खी झाडं लुकलुकत असतात. पण तो उजेड येतो कुठून? काजव्याला चटका कसा बसत नाही? आणि पाऊस धरला की ते जातात कुठे? हा झाला प्रश्न. आता चला लायब्ररीत.

रॅकवर पुस्तक उभं ठेवल्यावर त्याची जी बाजू आपल्याला दिसते, तिच्यावर खाली एक छोटी चिठ्ठी चिकटवलेली असते आणि तिच्यावर नंबर असतो. मुलांना वाटतं हा आमच्या हिशोबाचा नंबर. तसं नाहीये. हिशोबाचा नंबर वेगळा, तो दाखल क्रमांक, आतल्या पानावर शिक्क्याजवळ लिहिलेला असतो. चिठ्ठीवरचा नंबर म्हणजे वर्गांक, आणि तो पुस्तक कशाबद्दल आहे ते सांगतो. मेल्व्हिल ड्यूई नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाने १८७६ मध्ये ही पद्धत छापली, सगळ्या विषयांचे दहा मोठे भाग केले, त्या प्रत्येकाचे परत दहा, असं करत करत खाली यायचं. ५०० म्हणजे विज्ञान, त्यात ५९० प्राणी, त्यात ५९५.७ कीटक. म्हणजे आपला काजवा ५९५.७ ला सापडणार. लोककथा ३९८ ला, खेळ ७९६ ला, भारताचा इतिहास ९५४ ला आणि आपलं मराठी साहित्य ८९१.४६ ला. हा आकडा जगात जिथे जिथे ड्यूई पद्धत चालते तिथे तोच असतो, म्हणजे उद्या तुम्ही कॉलेजला पुण्यात गेलात किंवा अजून लांब गेलात आणि तिथे ही पद्धत असली, तर मराठी पुस्तकं कुठे आहेत हे कुणाला न विचारता सापडेल. मला ही गोष्ट फार आवडते.

एक जागा मात्र अशी आहे जिथे सगळे अडकतात. ५९५.१२ आधी येतं की ५९५.७? सातवीच्या वर्गात विचारलं की निम्मी मुलं सांगतात सात आधी, बारा मोठे. अरे पण हे दशांश चिन्हानंतरचं आहे ना, मग .१२ हे .७ पेक्षा लहान, म्हणून ५९५.१२ डावीकडे आणि ५९५.७ त्याच्या उजवीकडे. गणितात शिकलेलं इथे हाताने करून बघायला मिळतं.

तुमच्या शाळेत नंबरच लावलेले नसतील, एकच कपाट असेल, तरी अडत नाही. मराठी विश्वकोशाचे जाडजूड खंड बऱ्याच शाळांच्या कपाटात सगळ्यात वरच्या फळीवर असतात. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या देखरेखीखाली वाईला हे काम उभं राहिलं, पहिला खंड १९७६ ला निघाला. आपला शब्द ज्या खंडात असेल तो काढायला सांगा. घाबरू नका, तो वाचून संपवायचा नसतोच, त्यात फक्त आपला शब्द शोधायचा. पहिल्या खंडाची सुरुवात 'अंक' या नोंदीपासून आहे, त्यावरूनच लक्षात घ्या की अनुस्वाराचा शब्द आधी येतो, म्हणजे कांदा आधी आणि काजवा नंतर. मुलं काजवा शोधताना भलत्याच पानावर जातात आणि नाहीये म्हणून खंड मिटून टाकतात, तर तसं करू नका, दोन पानं मागेपुढे बघा.

मग तुम्हाला कळेल की काजवा ही माशी नाही, तो भुंगेऱ्यांच्या जातीतला कीटक. त्याच्या पोटाच्या टोकाला ल्युसिफेरिन नावाचा पदार्थ असतो, त्याचा ऑक्सिजनशी संयोग होताना उजेड पडतो, आणि त्यात उष्णता फारच थोडी बाहेर पडते म्हणून चटका बसत नाही. आणि पावसात जातात कुठे, तर मोठे काजवे फार दिवस जगतच नाहीत, अंडी घालून संपतात, पण त्यांच्या अळ्या ओल्या मातीत, पालापाचोळ्यात राहून गोगलगायी खातात. आता मला सांगा, हे कळल्यावर पुढच्या वर्षी काजवे बघायला जाताना तुम्ही पाचोळा तुडवत, झाडाखाली गाडी घालत जाल का?

विश्वकोशाची भाषा थोडी जड आहे, हे मान्य. म्हणून तिथून छोट्या पुस्तकाकडे या. पुस्तक हातात घेतलं की आधी अनुक्रमणिका बघा, मागे शब्दांची सूची असेल तर फारच छान, आपल्याकडच्या पुष्कळ मराठी पुस्तकांना ती नसते आणि मला त्याचं खूप वाईट वाटतं. आणि सुरुवातीचं ते बारीक अक्षरातलं पान, जे कुणीच वाचत नाही, त्यावर पुस्तक कुठल्या साली छापलं ते असतं. ते बघायचंच. कारण पुस्तकात नऊ ग्रह लिहिलेले असतील आणि ते २००६ च्या आधीचं असेल, तर पुस्तक खोटं बोलत नाहीये, प्लूटोला बटुग्रह त्या वर्षी ठरवलं. महाराष्ट्रात ३५ जिल्हे लिहिले असतील तर ते २०१४ च्या आधीचं, कारण पालघर जिल्हा त्या वर्षी झाला. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याचं नावही जुन्या पुस्तकांत अहमदनगरच असणार.

तुम्ही म्हणाल बाई, हे सगळं मोबाईलवर दोन मिनिटांत मिळतं. मिळतं की, विश्वकोशसुद्धा आता ऑनलाइन आहे, बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे १९७१ पासूनचे अंकही नेटवर वाचता येतात, जरूर वाचा. पण मोबाईलवर तुम्ही जे विचारता तेवढंच येतं, आणि रॅकवर काजव्याच्या शेजारी मुंग्यांचं पुस्तक असतं, त्याच्या पलीकडे मधमाश्यांचं, तुम्ही मागितलेलं नसताना ते डोळ्यासमोर येतं आणि कितीतरी मुलं नेमकं तेच शेजारचं पुस्तक घेऊन घरी जातात. प्रोजेक्ट करताना मात्र जिथून माहिती घेतली त्या पुस्तकाचं नाव, लेखक आणि पान नंबर वहीत लिहा. सरांनी सांगितलं नसलं तरी लिहा.

आता मोठ्यांशी. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात स्पष्ट लिहिलंय की पहिली ते आठवीच्या प्रत्येक शाळेत ग्रंथालय पाहिजे, आणि त्यात वर्तमानपत्रं, मासिकं, सगळ्या विषयांची पुस्तकं, गोष्टीची पुस्तकंसुद्धा पाहिजेत. म्हणजे गोष्टीचं पुस्तक हा मुलांचा हक्क आहे, लाड नाहीत. आणि तरीही मी अशी कपाटं बघितलीत की ज्यांना कुलूप, किल्ली ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये, आणि आत पुस्तकांची पानं एकमेकांना चिकटलेली, कारण ती कधी उघडलीच नाहीत. पुस्तक हरवलं तर भरून कोण देणार ही भीती मला समजते, रजिस्टर माझ्याही सहीने चालतं. पण डॉ. एस. आर. रंगनाथन, ज्यांच्या नावाने १२ ऑगस्टला आपण ग्रंथपाल दिन करतो, त्यांनी १९३१ मध्ये पाच सूत्रं मांडली आणि त्यातलं पहिलंच आहे की पुस्तकं वापरण्यासाठी आहेत. वापरात पान फाटणारच. मुख्याध्यापक सर, मॅडम, एक किल्ली वर्गशिक्षकांकडे द्या, सातवी-आठवीतली दोन मुलं मदतीला घ्या, देवघेवीचं रजिस्टर ती अगदी व्यवस्थित लिहितात, माझा अनुभव आहे. आणि पालकांनो, पुस्तक फाटलं म्हणून पोराला रागावू नका, नाहीतर पुढच्या वेळी ते घरी आणणारच नाही.

मुलांनो, पान फाटलं तर घरी सेलोटेप लावू नका तेवढं. ती वर्षा-दोन वर्षांत पिवळी पडते, चिकट डाग सोडते आणि अक्षरं खाते. तसंच आणा, सांगा की फाटलंय, आम्ही पातळ कागद आणि खळ लावून नीट करतो.

ज्यांच्या शाळेत खरंच काही नाही त्यांनी गावातल्या नाहीतर तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयात चौकशी करा, बऱ्याच ठिकाणी बालविभाग असतो आणि वर्गणी फार नसते. आणि गणपतीच्या, दिवाळीच्या सुट्टीत पुस्तकं घरी न्यायला मिळतात का हे आत्ताच विचारून ठेवा, सुट्टीच्या आदल्या दिवशी खूप गर्दी होते आणि भुताच्या गोष्टी तर सकाळीच संपलेल्या असतात. नमस्कार.