गावाने जुना घेतलेला ऑर्गन

नमस्कार, श्रोतेहो. ऑर्गन म्हटलं की आपल्याला संगीत नाटक आठवतं. पायाने भाता मारत, नटाच्या तानेमागे धावणारा तो ऑर्गनवादक. त्या ऑर्गनमध्ये धातूच्या पट्ट्या थरथरतात. मी आज सांगणार आहे तो ऑर्गन नळ्यांचा. त्यातल्या बहुतेक नळ्या बासरीसारख्या बोलतात. एका सुराला एक नळी, आणि आवाजाची जात बदलायची तर नळ्यांची दुसरी रांग. अशा आवाजाच्या तीस जाती या एका वाद्यात आहेत.

हे वाद्य आहे उत्तर जर्मनीत, समुद्राजवळच्या कापेल नावाच्या खेड्यात. खेड्याच्या मानाने फारच मोठं! कारण ते मुळात खेड्यासाठी केलेलंच नव्हतं. आर्प श्निटगर या नामांकित कारागिराने ते १६८० साली हॅम्बुर्ग शहरातल्या सेंट योहानिस चर्चसाठी बांधलं. माणूस काटकसरी असावा. आधीच्या ऑर्गनमधल्या कितीतरी नळ्या त्याने या नव्या वाद्यात वापरल्या. म्हणजे काही नळ्या त्याच्याहूनही जुन्या.

१८१० साली कापेलचं चर्च जळालं. नवं उभं राहिलं, पण आत ऑर्गन नाही. तिकडे हॅम्बुर्गमधलं वाद्य विकायला निघालं होतं. गावाने ते घेतलं आणि १८१६ मध्ये बसवलं. पुढे १८२९ मध्ये हॅम्बुर्गचं ते चर्चच पाडलं गेलं. जुनी वस्तू घेतली म्हणून त्या काळी कुणी नाक मुरडलंही असेल. पण ती वाचली ती गावामुळेच.

दुसऱ्या महायुद्धानंतर, १९५० ते ५२ च्या सुमारास, जर्मन ऑर्गनवादक हेल्मुट वाल्खा इथे, कापेलला, अठराव्या शतकातला जर्मन संगीतकार बाख याच्या रचना ध्वनिमुद्रित करायला आले. ते तरुणपणीच अंध झाले होते. बाखच्या रचनेत तीन-चार स्वरावली एकाच वेळी चालतात. वाल्खा दुसऱ्याकडून एकेक स्वरावली वेगळी वाजवून घेत, ती पाठ करत आणि मग सगळ्या मनात एकत्र बांधत. नोटेशन डोळ्यांसमोर ठेवून वाजवणाऱ्यांनाही हे संगीत घाम फोडतं, हे लक्षात घ्या.

त्यातलंच थोडं आता ऐकवतो. कान खर्जाकडे ठेवा. तो खर्ज वाल्खांच्या पायांतून येतो आहे. इथे पाय भाता मारत नाहीत, हातांखाली असतात तशा वाजवायच्या पट्ट्या पायांखालीही असतात. भाता मारायला पूर्वी वेगळा माणूस लागायचा, आणि त्याचं नाव कुणी लिहून ठेवत नसे.