अडीच किलोचा सुळका

नमस्कार श्रोतेहो. नर्सिंग, फार्मसी किंवा संख्याशास्त्र शिकलेली बरीच मुलं हल्ली विचारतात, आरोग्याच्या डेटा अ‍ॅनालिटिक्समध्ये, म्हणजे आकडेवारी तपासून तिचा अर्थ लावण्याच्या कामात, यावं का? मी हाच विषय शिकवतो. पहिल्या तासाला मात्र कुणाला लॅपटॉप उघडू देत नाही.

आधी बाळांच्या जन्मवजनाचा आलेख दाखवतो. अडीच किलोपेक्षा कमी भरलं तर बाळ 'कमी वजनाचं', ही जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्या. आलेखात नेमका 2,500 ग्रॅमवर उंच सुळका असतो आणि 2,460, 2,480च्या जागा जवळपास रिकाम्या. आता बाळं काही ठरवून अडीच किलोची जन्मत नाहीत! काट्यावरच्या खुणा मोठ्या अंतराच्या, मध्यरात्रीची गर्दी, हातून गोल आकडा लिहिला जातो. पण 2,460चं बाळ 2,500 म्हणून नोंदलं गेलं की ते कमी वजनाच्या यादीतून गळतं. जास्त काळजी हवी असलेलं बाळ दिसेनासं होतं, आणि जिल्ह्याची टक्केवारी उगाच सुधारलेली दिसते.

एसक्यूएल, आर, पायथन या डेटा हाताळायच्या संगणकभाषा मेहनतीने जमतात. हा सुळका बघून थबकणं शिकवायला वेळ लागतो. वॉर्डात काम केलेल्या सिस्टर तो चटकन ओळखतात. इंजिनिअर मंडळी आधी दुरुस्त करायला धावतात. (रागावू नका, मला दोघेही लागतात.)

नोकऱ्या रुग्णालयांत आहेत, विमा आणि औषध कंपन्यांत आहेत. पगारासाठी कंपन्या बऱ्या, सार्वजनिक आरोग्यात शिकायला जास्त मिळतं. लोकसंख्येच्या अंगाने शिकायचं तर मुंबईत देवनारला 1956पासून आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचं काम तिथूनच चालतं.

त्याच सर्वेक्षणाच्या 2019-21च्या फेरीतला एक आकडा देतो. देशात खासगी दवाखान्यांतली 47.4 टक्के बाळंतपणं सिझेरियनने झाली, सरकारी दवाखान्यांत 14.3 टक्के. वर्गात लगेच उत्तर येतं, "सर, पैसा!" असेलही. पण खासगीत जाणाऱ्या बायकांचं वय काय, कितवं बाळंतपण, आधीचं सिझेरियन होतं का, सरकारी दवाखान्यात भूलतज्ज्ञ हजर होते का? या सर्वेक्षणाचं तुमच्या जिल्ह्याचं पत्रक इंटरनेटवर फुकट मिळतं. ते उघडा, हे दोन आकडे शोधा आणि पुढचे प्रश्न स्वतः लिहून काढा. नमस्कार.