औषधाची सवय कोणाला लागते?

(नाशिकमध्ये दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, दिंडोरीकडे माझ्या मामेभावाची थॉमसन द्राक्षाची बाग आहे. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस पडून गेला होता, त्या दिवसांत मी तिकडे गेलो. सकाळी सकाळी त्यानं एक पान खुडून माझ्यापुढे धरलं. वरून पाहिलं तर तेलाचं बोट लागावं तसा पिवळट डाग. पान उलटं केलं, तर बरोबर त्याच जागी पांढरी लव. डाऊनी, म्हणजे द्राक्षावरचा केवडा रोग आणि तो आणणारा बुरशीसारखा जीव. "पूर्वी हे औषध एकदा मारलं की आठ दिवस बघायला लागायचं नाही," तो म्हणाला. "आता डाऊनीला सवय झाली त्याची."

इथे बसलेल्या निम्म्या लोकांनी हे वाक्य कधी ना कधी म्हटलेलं असणार. मला आज एवढ्या एका वाक्याशीच भांडायचंय.

सवय चहाची लागते, तंबाखूची लागते. पण सवय लागायला आधी जिवंत राहावं लागतं. ज्या बीजाणूवर औषध पडलं तो मेला. मेलेल्याला कसली आलीय सवय? मग पुढच्या वर्षी पानावर दिसते ती डाऊनी कोणाची?

जी मेलीच नव्हती, तिची. आणि ती फवारणीच्या आधीपासून बागेत होती.

हे पटायला जड जातं, म्हणून एक प्रयोग सांगतो. १९५२ साली एस्थर आणि जोशुआ लेडरबर्ग या अमेरिकेतल्या जोडप्यानं एका बशीत जिवाणूंच्या वसाहती वाढवल्या. मग लाकडी ठोकळ्याला मखमल ताणून बसवली आणि आपण रबरी शिक्का मारतो तशी ती बशीवर दाबली. मखमलीच्या लवेला प्रत्येक वसाहतीतले थोडे थोडे जिवाणू चिकटले. तोच शिक्का त्यांनी औषध घातलेल्या नव्या बशांवर उठवला. बहुतेक सगळे मेले, मोजके जगले. गंमत पुढे आहे. वेगवेगळ्या बशांमध्ये जगलेले ठिपके एकाच जागी होते! मग ते मूळ बशीकडे वळले. त्या बशीनं औषधाचा थेंबही पाहिलेला नव्हता. तिच्यात नेमक्या त्याच जागेवरचे जिवाणू उचलले, तर त्यांच्यात औषधाला दाद न देणारे निघाले. म्हणजे औषधानं कोणाला काही शिकवलं नव्हतं. त्यानं फक्त चाळण लावली.

मखमलीच्या तुकड्यावर एवढा मोठा वाद मिटवणारी माणसं मला फार आवडतात. असो.

डाऊनीत ही चाळण कुठे बसते तेही बघा. आपण मारतो त्यातली स्ट्रोबिल्युरिन गटाची औषधं साधारण १९९६पासून बाजारात आली. ती डाऊनीच्या पेशीतल्या एका प्रथिनाच्या खोबणीत जाऊन बसतात आणि पेशीची ऊर्जा तोडतात. त्या प्रथिनातली १४३वी जागा ग्लायसिन या अमिनो आम्लाची. जनुकाचं एक अक्षर बदललं, 'जी'च्या जागी 'सी' आलं, की तिथे ग्लायसिनऐवजी अ‍ॅलानिन येतं. अ‍ॅलानिन जरासं फुगीर. तेवढ्यानं खोबण अडते, औषध बसत नाही, प्रथिनाचं काम मात्र चालू राहतं. एका अक्षराची चूक!

अशा चुका नकला उतरवताना होतच असतात. तुमच्याआमच्या प्रत्येक बाळात आईबापांत नसलेले साठेक बदल असतात. बहुतेकांचं ना बरं ना वाईट. डाऊनीच्या एका डागातून हजारो बीजाणू सुटतात, पानावरच्या पाण्यात दोन शेपट्यांनी पोहत जातात, पर्णरंध्रातून आत शिरतात आणि हवा मानवली तर आठवड्याभरात नवा डाग. एवढ्या पसाऱ्यात ते एक अक्षर कुठे ना कुठे बदलणारच. औषध नसताना त्या बदलाला कोणी विचारत नाही. औषध आलं की तोच एकटा वंश चालवतो.

आणि मोरचूद? मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण फ्रान्समध्ये १८८५ सालापासून याच रोगावर मारतात, ते अजून चालतं. मोरचुदातलं तांबं एका खोबणीत बसत नाही, ते एकाच वेळी अनेक प्रथिनांवर घाव घालतं. तितकी अक्षरं एकदम सोयीची बदललेला बीजाणू निघणं जवळपास अशक्य.

आता वेलीकडे या. आपण काडी लावतो, बी लावत नाही. म्हणजे तुमची थॉमसन आणि शेजाऱ्याची थॉमसन एकाच झाडाच्या फांद्या समजा. बिनबियांचं द्राक्ष रानात असतं तर त्याचा वंश तिथेच खुंटला असता. माणसाला ते खायला बरं वाटलं म्हणून टिकलं. इथे निवड आपण केली, पण फरक आपण निर्माण केला नव्हता. काडीतसुद्धा चुका होतात. नान्नजच्या नानासाहेब काळ्यांची सोनाका अशीच थॉमसनमधून निघाली. वेगळी फांदी वेलीनं दिली. ती वेगळी आहे हे ओळखणारा डोळा त्यांचा.

पण प्रत्येक वेगळेपण वंशात उतरत नाही, तिथे आपण फसतो. परवा पुन्हा भावाकडे गेलो, तर एका वेलीच्या एकाच ओलांड्याला, म्हणजे आडव्या फांदीला, त्यानं लाल सुतळी बांधलेली. तिथल्या घडांचे मणी बाकीच्यांपेक्षा चांगले लांबट होते. मी म्हटलं, "जीएत, म्हणजे मणी वाढवणाऱ्या जिब्रेलिक आम्लात, बुडवताना हे घड दोनदा बुडाले असतील, मग मणी लांब होणारच. ते काडीत नाही उतरायचं."

तो म्हणाला, "असेल. ह्याच्या दहा काड्या डॉगरिजच्या खुंटावर कलम करून भरतो. त्यांना जीए लावतच नाही, शेजारी साध्या काडीचे दहा ठेवतो. घड आले की तूच ये बघायला."